गुलाबी रिबिनीचा हिशोब

ऑक्टोबर उजाडला की मोबाइल गुलाबी होतो. डिलिव्हरी ॲपचा लोगो, बँकेचा मेसेज, शॅम्पूची जाहिरात, सगळीकडे तीच रिबीन. खाली लिहिलेलं असतं, स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. लोगोचा रंग बदलायला किती कमी वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. पण ही रिबीन मुळात कुणाची, हे शोधत गेलो तेव्हा कळलं की तिचाही रंग बदललेला आहे.

आधी महिना आला, रिबीन नंतर. १९८५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीची औषध शाखा यांनी मिळून ऑक्टोबरातली ही मोहीम सुरू केली. भर मॅमोग्राफीवर होता. याच कंपनीचं टॅमॉक्सिफेन हे स्तनांच्या कर्करोगावरचं औषध बाजारात होतं. औषध चांगलंच, आजही वापरात आहे. पण औषधवालाच जागृती करायला लागला की बोलणं तपासणी आणि उपचारांभोवती फिरतं. हा आजार होतो कशामुळे, हा प्रश्न मागे पडतो.

तोच प्रश्न कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली या बाईंनी विचारला. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला हा आजार झाला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या घरी बसून पीच रंगाच्या रिबिनी करायच्या आणि कार्डाला लावून वाटायच्या. कार्डावर मजकूर असा, की राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं बजेट १.८ अब्ज डॉलर आहे आणि त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर खर्च होतात; हे बदलायला मदत करा. १९९२ मध्ये 'सेल्फ' मासिक आणि एस्टी लॉडर या कंपनीला रिबीन हवी होती. हेलीबाईंनी नकार दिला, त्यांना त्यात धंदा दिसला. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला, गुलाबी घेतला आणि रिबिनी मेकअपच्या काउंटरवर पोचल्या. रिबीन राहिली, कार्ड गळालं.

पुढे २०१० मध्ये केएफसीने तळलेल्या चिकनची बादली गुलाबी केली. बादलीमागे ५० सेंट देणगी.

कबनूरला, म्हणजे इचलकरंजीला खेटूनच, आमच्याकडे कापडाचा हिशोब पिकात होतो. ५२ पिकाला मजुरी किती, हे मागावरचा प्रत्येक माणूस सांगू शकतो. गुलाबी बाटलीवर मात्र कुणाला किती पैसे जाणार, हे बहुतेक वेळा शोधून सापडत नाही.

याच आजाराची दुसरी गोष्ट मुंबईची आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका हातांनी तपासायच्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून बघायच्या. उरलेल्या निम्म्यांना फक्त माहिती दिली. त्यांना तपासणी दिली नाही म्हणून टीकाही झाली, आणि ती रास्त होती.

पण निकाल बघा. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्तनांच्या कर्करोगाचे आकडे २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. सगळी वयं एकत्र धरली तर घट १५ टक्के, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की नाही.

म्हणजे त्या दुसऱ्या गटाला जे मिळालं, तेच दर ऑक्टोबरला आपल्याला मिळतं. नुसती जागृती. फरक पडला तो तपासणाऱ्या हातांनी, आणि त्या हातांवर कुठल्याच ब्रँडचा लोगो नव्हता.

तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी गावपातळीवर व्हावी, असं केंद्र सरकारचं धोरण २०१६ पासून आहे. कांडी भरणाऱ्या बाईची मजुरी एका खाड्याने बुडते. ती शहरात मॅमोग्राफीला जाणार नाही, पण गल्लीत आलेल्या नर्सताईला नाही म्हणणार नाही. तेव्हा गुलाबी पोस्ट शेअर करायच्या आधी आपल्या भागातल्या आशाताईंना एक फोन करा. तपासणी कोणत्या दिवशी असते, विचारा. नसेल, तर का नाही, हे ग्रामसभेत विचारा.