आईचं नाव नसलेली वंशावळ

घराण्याचा इतिहास शोधायला बसलं की आपण बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे जातो. आज अशा बाईची गोष्ट सांगतो, जिला आपला बाप कोण हे कोर्टात सिद्ध करावं लागलं. तिचं नाव एलिझाबेथ. ‘की’ हे आडनाव.

ठिकाण व्हर्जिनिया, इंग्रजांची अमेरिकेतली वसाहत. १६५५ साली कर्नल जॉन मॉट्रम हा बडा जमीनदार वारला. त्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा पंचविशीतल्या एलिझाबेथला गुलामांत धरलं गेलं. ती म्हणाली, मी गुलाम नाही. तिचा खटला चालवला विल्यम ग्रिन्स्टेडने. हा इंग्लंडहून करारावर आलेला नोकर, कायद्याचा जाणकार, आणि तिच्या मुलाचा बाप.

नॉर्थम्बरलँड काउंटीच्या कोर्टाचे ते कागद आजही वाचता येतात. त्यात ऐंशी वर्षांच्या एका म्हातारीची साक्ष आहे: थॉमस की या गोऱ्या मळेवाल्याने आपल्या काळ्या बाईला दिवस ठेवले म्हणून कोर्टाने त्याला दंड केला होता आणि ही त्याचीच मुलगी. दुसरा साक्षीदार सांगतो, की स्वतः नाकबूल होता. तो एका तुर्काचं नाव पुढे करायचा. बघा, जुन्या कागदांत साक्षीसुद्धा एकमेकींशी भांडतात!

पण एक करार भक्कम होता. १६३६ मध्ये थॉमस कीने ही मुलगी तिचा धर्मपिता हम्फ्री हिगिन्सन याच्या हवाली केली होती. मुदत फक्त नऊ वर्षं. म्हणजे ती केव्हाच मोकळी व्हायला हवी होती.

जानेवारी १६५६ मध्ये पंचांनी तिला स्वतंत्र ठरवलं. प्रकरण वर गेलं आणि अखेर वसाहतीच्या असेंब्लीच्या समितीपुढे आलं. समितीने तीन गोष्टी पाहिल्या: बाप स्वतंत्र इंग्रज, मुलीचा बाप्तिस्मा झालेला, आणि कराराची मुदत संपलेली. एलिझाबेथ सुटली आणि तिने विल्यमशी लग्न केलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा: बाप्तिस्म्याने गुलामी सुटणार नाही. एलिझाबेथ ज्या दोन दारांतून बाहेर पडली, ती दोन्ही दारं तिच्या मागून येणाऱ्यांसाठी बंद झाली. अनेक इतिहासकार या कायद्यांचा धागा तिच्या खटल्याशी जोडतात. परिणाम भयंकर झाला. मालकाला गुलाम बाईपासून मूल झालं, तर ते त्याचं अपत्य ठरेना, त्याची मालमत्ता ठरू लागलं.

आता पुन्हा त्या कागदांकडे या. बापाचं नाव आहे. धर्मपित्याचं, मालकाचं, नवऱ्याचं, साक्षीदारांचं नाव आहे. एलिझाबेथच्या आईचा उल्लेख मात्र फक्त ‘काळी बाई’ असा येतो. पुढे ज्या आईवरून लाखो मुलांचं नशीब ठरणार होतं, त्या आईचं नाव लिहून ठेवावं असं एकाही कारकुनाला वाटलं नाही.

म्हणून मंडळी, घरातली जुनी कागदपत्रं काढाल, तेव्हा सापडलेली नावं जरूर लिहा. पण जिथे नाव असायला हवं होतं आणि नाही, ती जागाही कोरी सोडा. तिथेही कुणीतरी होतं. भेटू पुढच्या भागात.