भाडं कंपनीच्या गेटमागे चालतं: पिंपरीपासून चाकणपर्यंत

आजचा भाग घर भाड्याने देण्याच्या इतिहासावर आहे. विषय कोरडा वाटेल, पण तुम्ही पिंपरी-चिंचवड किंवा चाकणकडे राहत असाल तर घरात कुणीतरी हे वाक्य कधी ना कधी बोललंच असेल: "एक फ्लॅट घेऊन ठेवू, भाड्यात हप्ता निघेल." मी घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर सारखं पडतं. हप्ता निघेल की नाही, हे नुसत्या आजच्या रेटवरून कळत नाही. मागची सत्तर वर्षं बघावी लागतात.

सुरुवात पिंपरीपासून करू. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी उभी राहिली. आजही आपण त्या भागाला पिंपरी कॅम्प म्हणतो. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. सोबत कामगारांसाठी कॉलनी आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या शेतांवर शिक्के पडले. बजाज आली, टेल्को आली, मागोमाग शेकडो छोटी वर्कशॉप आली.

काही कंपन्यांनी आपल्या लोकांसाठी कॉलन्या बांधल्या. राहुल बजाज स्वतः अनेक वर्षं आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच राहायचे. पण वर्कशॉपमध्ये लागलेल्या, लातूर-बीडकडून आलेल्या पोराला कॉलनी कुठली मिळणार? त्याला गावात खोली शोधावी लागायची. ज्या शेतकऱ्यांच्या हातात थोडी जमीन उरली होती, त्यांनी त्यावर पत्र्याच्या, विटांच्या खोल्या काढल्या. तीन-चार जण एका खोलीत, वेगवेगळ्या शिफ्टचे. एक कामावरून आला की दुसरा उठून निघायचा. आपल्या पट्ट्यातला भाड्याचा धंदा असा सुरू झाला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मालकांना जमीन विकत घ्यावी लागली नव्हती, ती घरचीच होती. खर्च फक्त बांधकामाचा, म्हणून भाडं परवडायचं. "अमक्याने खोल्यांवर बंगला बांधला" ही गोष्ट खरी असते, पण तुम्ही बाजारभावाने फ्लॅट घेणार असाल तर ती तुम्हाला लागू होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने, तो लागू असलेल्या भागांत, जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. मालकांनी वाट काढली: भाडेकरू म्हणायचंच नाही, लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं. मग 1973 मध्ये दुरुस्ती आली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. म्हणजे काल पाहुणा होता, आज त्याला काढता येईना! आपले आजोबा कुलूप लावून घर रिकामं ठेवायचे, पण भाड्याने द्यायचे नाहीत, त्या भीतीचं मूळ इथे आहे.

हे चित्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मुळे बरंच बदललं. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची सोय आहे. मात्र कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार अकरा महिन्यांचा असला तरी! नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून "झालं काम" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा ऐका.

कामगारांना परवडणारं घर मिळावं म्हणून 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. तिथले प्लॉट 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. म्हणून निगडी प्राधिकरणात जागा घेताना हस्तांतराचे कागद तपासावे लागतात. पण लोक आले त्या वेगाने घरं झाली नाहीत, आणि ती उणीव एक-एक गुंठ्याच्या प्लॉटवरच्या बांधकामांनी भरून काढली. तिथे भाडं किमतीच्या मानाने चांगलं दिसतं. पण बांधकाम परवानगी नसेल, सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील, तर बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलात की गिऱ्हाईक मिळत नाही.

आता गेट कसं सरकतं ते बघा. बजाजने 1999 मध्ये चाकणला कारखाना सुरू केला. 2007 मध्ये आकुर्डीतलं वाहन उत्पादन थांबलं. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन, 2010 मध्ये महिंद्रा. कांद्याच्या बाजारासाठी आणि किल्ल्यासाठी ओळखलं जाणारं चाकण भाडेकरूंचं गाव झालं. तळेगावचं उदाहरण तर ताजं आहे. 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, 2020 च्या डिसेंबरात उत्पादन बंद. ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला 2023 मध्ये. मधल्या काळात बँकेचा हप्ता थांबतो का? नाही.

हा इतिहास मला नुसता सांगायचा नव्हता, एका गिऱ्हाईकासाठी वापरावा लागला. भोसरीत लेथवर काम करून निवृत्त झालेले एक काका. पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून 30 लाख. चाकणजवळ 45 लाखांचा नवा फ्लॅट बघून आलेले. मुलाला सहअर्जदार करून 20 लाख कर्ज काढायचं ठरलेलं.

आम्ही वहीवर मांडलं. 20 वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण 17,350. भाडं धरलं 13,000. वर्षाचे 1,56,000. त्यातून एक महिना रिकामा, 2,000 रुपये महिना मेंटेनन्स, कर आणि दुरुस्तीला 12,000. उरले 1,07,000. हप्ते वर्षाला 2,08,000. म्हणजे दर महिन्याला साधारण 8,400 खिशातून! मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून किंमत 48 लाखांवर जाते, तर उत्पन्न सव्वादोन टक्के. एफडी याच्या दुप्पट देते.

"पण किंमत वाढेल ना?" काका म्हणाले. वाढेलही. मी विचारलं, "काका, मुलगा कुठे कामाला आहे?" चाकणलाच, एका व्हेंडर कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. मग बघा: गाड्यांची विक्री पडली की भाडेकरूची शिफ्ट जाणार, आणि त्याच महिन्यात मुलाचीही जाऊ शकते. 2019 ची मंदी आणि 2020 चं लॉकडाऊन आठवा. भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच गेटवर टांगलेले.

काका बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी आकुर्डी स्टेशनच्या बाजूला जुना वन आरके घेतला. कर्ज नाही. निम्म्याहून थोडे जास्त पैसे त्यात, बाकीचे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. खरं सांगायचं तर मोठ्या फ्लॅटवर माझं कमिशन जास्त झालं असतं. पण आकुर्डीत भाडेकरू एका जातीचे नाहीत: कॉलेजची मुलं, हिंजवडीला जाणारे, लोकलने पुण्याला जाणारे. एक गेट बंद झालं तरी दुसऱ्या गेटचा माणूस येतो.

तर मंडळी, भाड्यासाठी घर बघताना बिल्डरच्या माहितीपत्रकाआधी तीन प्रश्न विचारा. भाडेकरूचा पगार कुठून येतो? तुमचा पगार तिथूनच येतो का? आणि कागद असे आहेत का, की उद्या हे घर बँकेच्या कर्जावर दुसऱ्याला विकता येईल? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत टोकन देऊ नका.

पुढच्या भागात सातबारा आणि इंडेक्स टू कसा वाचायचा ते बघू. तोवर घरातला भाडेकरार कपाटातून काढा आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते तपासा.