मोर्बाका : लेखणीने सोडवून आणलेली शेतवाडी

स्वीडनच्या पश्चिमेकडील वर्मलांड प्रांतात, फ्रिकेन सरोवरांच्या खोऱ्यात मोर्बाका ही जुनी शेतवाडी आहे. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या जगातील पहिल्या महिला सेल्मा लागरलोफ यांचे हे जन्मस्थान. मात्र या वाडीचे महत्त्व तेवढ्यापुरते मर्यादित नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात राहिलेली ही वास्तू कर्जापायी परक्यांच्या हाती गेली आणि त्याच घरातील अविवाहित मुलीने स्वतःच्या कमाईतून ती परत मिळवली. त्यामुळे मोर्बाकाचा इतिहास हा स्वीडनमधील शेतीचा आणि स्त्रियांच्या मालकीहक्काचाही इतिहास ठरतो.

जावयांची वाडी

अठराव्या शतकात मोर्बाका येथे धर्मगुरूंची कुटुंबे नांदत होती. मोरेल, लिसेलियस, वेन्नेर्विक अशी आडनावे बदलत गेली, पण नाते तुटले नाही. घरातील मुलीशी विवाह करणारा जावई पुढे वाडीचा धनी होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेन्नेर्विक घराण्यातील मुलीचा विवाह सैन्यात लेखनिक असलेल्या डॅनियल लागरलोफ यांच्याशी झाला आणि वाडी लागरलोफ कुटुंबाकडे आली. सेल्मा या त्यांच्या नात.

वाडी मुलींच्या नात्याने चालत आली, तरी कारभार पुरुषांच्याच हाती राहिला. स्वीडनच्या ग्रामीण भागात १८४५ पर्यंत मुलीला मुलाच्या निम्माच वारसाहक्क मिळत असे. विवाहित स्त्रीवरील पतीचे कायदेशीर पालकत्व तर १९२० च्या विवाह कायद्यानंतरच संपुष्टात आले.

कर्ज आणि विक्री

सेल्मा यांचा जन्म २० नोव्हेंबर १८५८ रोजी झाला. लहानपणीच्या पायाच्या दुखण्यामुळे त्या इतर मुलांप्रमाणे हिंडू-फिरू शकत नसत. आजीच्या तोंडून ऐकलेल्या वर्मलांडच्या दंतकथा हाच त्यांचा मोठा विरंगुळा होता. वडील एरिक गुस्ताफ हे सैन्यातील लेफ्टनंट. मनाने उदार आणि आतिथ्यशील असलेल्या या गृहस्थांना शेतीचे गणित मात्र साधले नाही. त्यातच अमेरिका व रशियातून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे युरोपातील शेतमालाचे भाव कोसळले. वर्मलांडमधील जुने लोखंड कारखानेही एकामागून एक बंद पडत होते.

वडिलांचे १८८५ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच मोर्बाका विकावे लागले. सेल्मा तेव्हा दक्षिण स्वीडनमधील लान्दस्क्रूना येथे मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. घर गेले, पण त्या घराने दिलेल्या कथा त्यांच्यापाशी उरल्या. त्यांतूनच १८९१ मध्ये ‘योस्ता बेर्लिंगची कहाणी’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

लेखणीची कमाई

शिक्षक संघटनेच्या सूचनेवरून सेल्मा यांनी शाळकरी मुलांसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक लिहिले. बुटक्या झालेल्या निल्स होल्गेरसन या मुलाच्या, हंसाच्या पाठीवरून घडणाऱ्या प्रवासाचे हे पुस्तक १९०६-०७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. आपल्या जुन्या घराकडे परतलेली एक लेखिकाही त्यात भेटते. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, सेल्मा यांनी मोर्बाकाचे घर विकत घेतले. जमीन मात्र अजून परक्यांकडेच होती.

१९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. स्वीकाराच्या भाषणात त्यांनी दिवंगत वडिलांशी स्वर्गात झालेला काल्पनिक संवाद सांगितला. आपण फार मोठ्या ऋणात आहोत, कथा सांगणाऱ्यांचे आणि वाचकांचे हे देणे कसे फेडावे, असा सल्ला लेक वडिलांकडे मागते. कर्जापायी ज्यांचे घर गेले त्याच वडिलांना विचारलेला हा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी पारितोषिकाच्या रकमेच्या आधारे त्यांनी वाडीची जमीनही परत घेतली.

शेतीचा संसार

त्यानंतर सेल्मा केवळ लेखिका राहिल्या नाहीत. गुरे, गडीमाणसे, पेरणी आणि कापणी यांचा व्याप त्यांनी सांभाळला. वाडीवर पिकणाऱ्या ओटचे पीठ ‘मोर्बाका’च्या नावाने बाजारात आणले. तथापि शेतीने त्यांना पोसले नाही, त्यांच्या पुस्तकांनी शेतीला पोसले.

१९११ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय स्त्री मताधिकार परिषदेत ‘घर आणि राज्य’ या विषयावर त्यांचे गाजलेले भाषण झाले. घर उभारणाऱ्या स्त्रीच्या सहभागाविना चांगले राज्य घडणार नाही, असा त्याचा आशय होता. १९१४ मध्ये त्या स्वीडिश अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

१९२१ ते १९२३ या काळात घराची पुनर्बांधणी झाली. स्टॉकहोमच्या नॉर्डिक संग्रहालयाचे वास्तुशिल्पी इसाक गुस्ताफ क्लासोन यांनी लाल रंगाच्या साध्या लाकडी घराला उंच छपराच्या, खांबांच्या वाड्याचे रूप दिले. परत मिळालेले घर अशा रीतीने जुने राहिले नाही. बालपणीचे मोर्बाका सेल्मा यांनी १९२२ ते १९३२ या काळातील आठवणींच्या तीन खंडांत जतन केले.

खुले झालेले घर

१६ मार्च १९४० रोजी सेल्मा यांचे मोर्बाका येथेच निधन झाले. ओस्त्रा एम्तर्विक या जवळच्या गावातील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांना मूलबाळ नव्हते. घर आपल्या पश्चात आहे तसेच ठेवून लोकांसाठी खुले करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार १९४२ मध्ये ते प्रेक्षकांसाठी खुले झाले आणि पुढे एका न्यासाने त्याची व्यवस्था पाहिली. जी वाडी पिढ्यान्‌पिढ्या जावयांकडे जात राहिली, ती तिच्या पहिल्या स्वकष्टार्जित मालकिणीनंतर कोणा एकाची न राहता सर्वांची झाली.