आपल्या माणसांत मास्क कशाला?

हिंगोली जिल्ह्याला तोंड बांधणं नवं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजून, वाळून पॉलिशच्या ढोलात पडली की पिवळा फुफाटा उठतो. तेव्हा बायका पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट खोचतात, वसमतच्या आणि हिंगोलीच्या मोंढ्यातले हमाल दस्ती बांधतात. उन्हात फटफटीवर निघालेला माणूस डोक्या-तोंडाला टावेल गुंडाळल्याशिवाय गाव सोडत नाही. हे सगळं बांधणं ज्याच्या त्याच्या जिवासाठी. समोरच्याला आपल्यापासून त्रास होऊ नये म्हणून तोंड बांधा, हे मात्र 2020 साली पहिल्यांदा कानावर पडलं. ते पटायला आणि अंगवळणी पडायला किती वेळ लागला, हे मी शिलाई मशीनमागे बसून पाहिलं आहे.

मी कळमनुरीत ब्लाऊज शिवते. माझ्या आजेसासूबाई जुन्या साथींच्या गोष्टी सांगायच्या. त्यांनीही त्या मोठ्यांकडून ऐकलेल्या. गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, आला, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. 1918 साली मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झा, आला तेव्हा एका मयतीहून परतायच्या आत दुसरी ठरलेली असायची. त्या एका साथीत देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेल्याचा अंदाज आहे. 1921 च्या शिरगणतीत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली. त्या सगळ्या गोष्टींत पाला होता, काढा होता, मरीआईला नैवेद्य होता, गावाबाहेरचं रान होतं. तोंडाला फडकं कुठेच नव्हतं.

फडक्याची गोष्ट दूरची आहे. 1910-11 च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू लिएन-ते यांनी ओळखलं की हा रोग श्वासातून पसरतो, आणि कापूस भरलेली जाळीदार कापडाची पट्टी तोंडाला बांधायला लावली. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते पट्टीशिवाय रुग्ण तपासत राहिले आणि काही दिवसांत त्याच प्लेगने गेले. 1918 च्या साथीत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने मास्कची सक्ती केली, तर तिथे मास्कविरोधी संघ उभा राहिला. शिकलेला असो की अडाणी, श्रीमंत असो की गरीब, तोंड बांधायला माणूस सगळीकडेच कचरला आहे.

आपल्याकडे साथीच्या कायद्याला तर वेगळाच इतिहास आहे. 1897 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या आणि 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या. एकाच साथीत लोकांच्या दारात दोन तऱ्हेची माणसं आली. कुणाचं भय राहिलं आणि कुणाचं नाव राहिलं, ते सांगायला नको. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, पण तोच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला आणि या वेळी तो आमच्या चौकातही आला.

एप्रिल 2020 मध्ये लग्नसराई बुडाली. माझ्याकडे ब्लाऊजऐवजी मास्कचं काम आलं. नऊ इंच लांब, सात इंच रुंद असे टू बाय टू कापडाचे दोन तुकडे, आत मऊ अस्तर, मधे तीन चुण्या. चुण्यांची तोंडं खाली ठेवायची, नाहीतर त्यांत धूळ साठते. बाजार बंद असल्यामुळे इलॅस्टिक मिळेना, म्हणून परकराच्या नाड्या कापून चार कोपऱ्यांना लावल्या. गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांनी त्या दिवसांत अशीच मशीन चालवली.

सुरुवातीला भीती होती ती बाहेरच्याची. पुण्या-मुंबईहून परतलेली माणसं गावच्या शाळेत ठेवलेली. हिंगोलीच्या राज्य राखीव दलाचे जवान मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून आले आणि एप्रिलअखेर त्यांतले कितीतरी बाधित निघाले. कोरोना बाहेरून येतो, हे मनात पक्कं बसलं. त्यामुळे मास्कही बाहेरच्यांसमोरच. बँकेत गेलं की नाकावर, पोलीस दिसला की नाकावर. घरी पाहुणा आला, भावकी जमली की खिशात. “आपल्या माणसांत कशाला?” हे वाक्य मी त्या वर्षी सगळ्यांत जास्त ऐकलं. मयतीच्या घरी भेटायला गेलेल्या बाईने तोंड झाकलेलं असलं तर घरच्यांना लागायचं. आम्ही परके झालो का, असं त्यांना वाटायचं. शिवाय मास्क लावून खोकणाऱ्याकडे लोक संशयाने बघायचे, म्हणून ज्याला खरी गरज तोच तो काढून टाकायचा. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, बोलताना ओठ दिसावे लागतात, म्हणून बोलायच्या वेळीच मास्क हनुवटीवर उतरायचा. यातलं काहीच मूर्खपणाचं नव्हतं. आमच्याकडे तोंड उघडं ठेवणं म्हणजे विश्वास. पण रोग त्याच विश्वासाच्या वाटेने घरात शिरत होता.

हिवाळ्यात सगळं सैल पडलं. मग 1 ते 7 मार्च 2021 जिल्ह्यात संचारबंदी लागली. महिन्याच्या शेवटी राज्य सरकारने मास्क नसला तर 500 रुपये आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकलं तर 1,000 रुपये दंड ठरवला. दंडाने चौकातली तोंडं झाकली, घरातली नाही. मे महिन्यात कोरोनानंतरच्या गुंतागुंतीशी झुंजत खासदार राजीव सातव पुण्यात गेले. 16 मे ही तारीख. वय अवघं 46. दुसऱ्या दिवशी कळमनुरीतच अंत्यसंस्कार झाले. ज्यांना गावातला प्रत्येक जण आपलं माणूस म्हणायचा, त्यांच्यासाठी मोठमोठे डॉक्टर उभे असूनही उपाय चालला नाही, हे लोकांच्या काळजात रुतलं. त्यानंतरच्या दिवसांत माझ्याकडे बायका घरच्या म्हाताऱ्यांच्या मापाचे मास्क मागू लागल्या. त्याआधी घरात वापरण्यासाठी कुणी मास्क मागितला नव्हता.

याच काळात आमच्या भागातल्या आशा कार्यकर्तीला, आमच्या आशाताईंना, मी दारोदार फिरताना पाहिलं. त्यांच्या पिशवीत कापडी मास्क असायचे. एका घरी आजोबा ओट्यावर उघड्या तोंडाने बसलेले. ताई कायद्याचं काही बोलल्या नाहीत. “मामा, नातू घरात आहे ना? त्याच्यासाठी बांधा,” म्हणाल्या आणि स्वतः नाडी कशी बांधायची ते दाखवलं. पुढच्या फेरीत आजोबांच्या तोंडावर मास्क होता आणि ते नातवालाही बांध म्हणत होते.

हे माझ्या गल्लीपुरतं नाही. बांगलादेशात त्याच साथीत 600 गावांत तीन लाखांहून जास्त लोकांमध्ये याचा अभ्यास झाला. जिथे मास्क फुकट दिले, कारण समजावलं, गावचे पुढारी आणि इमाम स्वतः मास्क लावून उभे राहिले आणि माणसं रस्त्यात प्रेमाने आठवण करत राहिली, तिथे मास्क नीट लावणारे शंभरात 42 झाले; बाकीच्या गावांत ते 13 च होते. मोबाईलवर संदेश पाठवून किंवा बक्षीस लावून त्यात भर पडली नाही. आठवण करणारी माणसं थांबली तसं प्रमाण पुन्हा उतरत गेलं.

1 एप्रिल 2022 पासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला. गुढीपाडवा दुसऱ्या दिवशी होता. मास्क गेले, आणि ते जाणं लोकांना सुखाचं वाटलं, यात नवल नाही. पण साथ पुन्हा येणार नाही, असं कुणी सांगू शकत नाही. तेव्हा पहिला मास्क आणि पहिला शब्द आशाताईंच्या हाती द्या, दंडाची पावती नंतर. आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. साथीची वाट पाहू नका. खोकला झाला असेल आणि घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर आपल्याच घरात, आपल्याच माणसांसमोर तोंड बांधा. मास्कची खरी गरज आपल्या माणसांतच आहे.