गप्प बसायचं, पण कायद्याने : अमेरिकन काँग्रेससमोरचे साक्षीदार

हॉलिवूडच्या सिनेमात कुणीतरी "आय प्लीड द फिफ्थ" म्हणतं आणि प्रकरण तिथेच संपतं. प्रत्यक्षात, विशेषतः काँग्रेसच्या समितीसमोर, ते इतकं सोपं कधीच नव्हतं. लिलियन हेलमनचंच घ्या.

हेलमन ही नामांकित नाटककार. मे १९५२ मध्ये तिला प्रतिनिधिगृहाच्या त्या कुप्रसिद्ध समितीसमोर, म्हणजे 'अमेरिकाविरोधी कारवाया' शोधणाऱ्या समितीसमोर हजर व्हावं लागलं. तिने अध्यक्ष जॉन वूड यांना आधीच पत्र लिहिलं: माझ्याबद्दल काय हवं ते विचारा, सगळं सांगते, पण दुसऱ्या कुणाची नावं मागू नका. समितीने साफ नकार दिला.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वतःपुरतं बोलायचं आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसायचं! अडचण तिथेच होती. पाचवी घटनादुरुस्ती १७९१ ची. ती सांगते की फौजदारी प्रकरणात कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. स्वतःविरुद्ध. मित्राविरुद्ध नव्हे. त्यातच १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रॉजर्स खटल्याचा निकाल दिला. जेन रॉजर्स डेन्व्हरमध्ये कम्युनिस्ट पक्षाची खजिनदार होती. ग्रँड ज्युरीसमोर तिने हे कबूल केलं, हिशेबाच्या वह्या दुसऱ्याकडे दिल्या असंही सांगितलं, पण कुणाकडे ते सांगेना. कोर्ट म्हणालं, अडचणीची गोष्ट स्वतःहून सांगून टाकलीस, आता तपशील लपवता येणार नाही. थोडक्यात, एकदा तोंड उघडलं की मिटायची सोय नाही.

म्हणजे हेलमनपुढे इकडे आड, तिकडे विहीर. सगळं सांगितलं तर मित्र अडकणार. निम्मं सांगून थांबली तर अवमानाबद्दल तुरुंग. आणि सुरुवातीपासूनच गप्प बसली तर लोक म्हणणार, बघा, नक्की काहीतरी लपवतेय. तिने सध्या आपण पक्षाची सदस्य नाही एवढं सांगितलं आणि मागच्या वर्षांबद्दल पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. अध्यक्षांनी पत्राची नोंद कामकाजात घेतली आणि तिचे वकील जोसेफ राऊह यांनी लगेच त्याच्या प्रती पत्रकारांना वाटल्या. मला हा वकील भारी वाटतो. हेलमनवर खटला झाला नाही.

तिच्या आधीच्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. १९४७ मध्ये 'हॉलिवूड टेन' म्हणून ओळखल्या गेलेल्या दहा जणांनी पाचवी नाही, पहिली दुरुस्ती पुढे केली: माझी राजकीय मतं विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही. भूमिका जास्त ताठ, पण कोर्टात टिकली नाही. आठ जणांना एक वर्ष, दोघांना सहा महिने. गंमत म्हणजे त्यांची चौकशी करणारे अध्यक्ष पार्नेल थॉमस पुढे पगाराच्या घोटाळ्यात सापडले आणि दहांपैकी दोघं होते त्याच डॅनबरीच्या तुरुंगात पोचले.

समिती तर शिक्षा देत नाही, मग भीती कसली? भीती पुढच्या खटल्याची. १९४० च्या स्मिथ कायद्याखाली पक्षाचे पुढारी तुरुंगात जात होते, त्यामुळे "तुम्ही सदस्य आहात का?" याचं "हो" हे उत्तर सरकारी वकिलाच्या आयतं हातात पडलं असतं. १९५५ मध्ये क्विन खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा हक्क समितीसमोरही आहे, आणि ठरावीक मंत्र म्हणायचीही गरज नाही. समितीला रोख कळला की पुरे. (आपल्याकडे कलम २०(३) मध्ये 'गुन्ह्याचा आरोप असलेली व्यक्ती' असे शब्द आहेत, त्यामुळे नुसत्या साक्षीदाराची गोष्ट वेगळी. तो विषय स्वतंत्र भागाचा.)

हक्क मिळाला तरी किंमत होतीच. मॅकार्थी अशा लोकांना सरळ 'फिफ्थ अमेंडमेंट कम्युनिस्ट' म्हणायचा. ब्रुकलिन कॉलेजच्या प्राध्यापक स्लोचोवर यांची नोकरी केवळ गप्प राहिल्यामुळे गेली. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बडतर्फी रद्द केली, तीही ५ विरुद्ध ४ अशी.

काँग्रेसकडे एक चावी मात्र आहे: अभय. समितीने दोन तृतीयांश मतांनी ठरवलं, कोर्टाकडून आदेश घेतला, की साक्षीदाराला बोलावंच लागतं. बदल्यात ती साक्ष, किंवा तिच्यातून मिळालेला धागा, त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. १९८७ मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरणात ऑलिव्हर नॉर्थ असाच बोलला, टीव्हीवर, अख्ख्या देशासमोर. सरकारी वकील लॉरेन्स वॉल्श यांनी आधीचे पुरावे सीलबंद केले, आणि त्यांच्या टीमने त्या साक्षीच्या बातम्यांपासून स्वतःला लांब ठेवलं. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही 'क्लीन रूम' म्हणतो: दुसऱ्याचा कोड न बघता तेच काम करणारा कोड लिहायचा. १९८९ मध्ये नॉर्थ तीन आरोपांत दोषी ठरला.

पण क्लीन रूममध्ये फक्त वकील बसले होते. साक्षीदार घरी टीव्ही बघत होते! १९९० मध्ये अपील कोर्टाने नेमकं हेच पकडलं: साक्षीदारांच्या आठवणींवर नॉर्थच्या साक्षीचा रंग चढला नाही, हे ओळीओळीने तपासा. सप्टेंबर १९९१ मध्ये मुख्य साक्षीदारांपैकी एक, रॉबर्ट मॅकफार्लेन, कोर्टात म्हणाला की हो, माझ्या साक्षीवर त्याचा परिणाम झाला होता. त्याच महिन्यात वॉल्शनी खटला सोडून दिला.