78 सेकंद, आठ दारं

तारीख आहे 26 मार्च 2006. हॅम्बुर्गच्या फिंकनवेर्डर भागात, एअरबसच्या अंधाऱ्या हँगरमध्ये तुम्ही ए-380च्या वरच्या मजल्यावर पट्टा बांधून बसला आहात. खिडक्या झाकलेल्या. ही आणीबाणीत विमान रिकामं करण्याची चाचणी आहे. विमान जागचं हलणार नाही, तरी आत 853 प्रवासी, 18 केबिन क्रू आणि 2 वैमानिक आहेत. काही जण कंपनीतलेच, काही शहरातल्या जिममधून आलेले. बायका किमान 40 टक्के आणि पन्नाशी ओलांडलेले किमान 35 टक्के हवेत, असा नियमच आहे. शेजारच्या बाईंच्या मांडीवर तान्ह्या बाळाएवढी बाहुली आहे. अशा तीन बाहुल्याही बाहेर निघायला हव्यात. मधल्या वाटेत उशा, ब्लँकेटं, बॅगा मुद्दाम टाकून ठेवल्यात.

16 दारांपैकी 8च उघडतील. कोणती, ते तुम्हाला माहीत नाही, क्रूलाही नाही. सगळ्यांनी बाहेर पडायला वेळ 90 सेकंद.

दिवे जातात. आपत्कालीन दिव्यांचा मिणमिणता उजेड तेवढा उरतो. पट्टा सोडेपर्यंत आरडाओरडा सुरू झालेला असतो. सामान राहू द्या, इकडे या! डावीकडच्या दाराशी उभी असलेली क्रू बाहेर बघते, हात आडवे करून वाट अडवते आणि सगळ्यांना पलीकडे वळवते. तुम्ही वळता. पायाखाली उशी येते, तोल जातो, मागचा कोणीतरी खांदा धरून सावरतो. पलीकडचं दार उघडलंय. सिलिंडरमधला गॅस सुटतो आणि त्याच्या झोताबरोबर आजूबाजूची हवा दाराला जोडलेल्या घसरगुंडीत खेचली जाते. नुसत्या गॅसवर ती फुगवायची तर केवढे जड सिलिंडर वाहावे लागले असते! काही सेकंदांत ते कापड ताठ होऊन खाली टेकतं.

जमीन साधारण 8 मीटर खाली. वाकून बघायचं नाही, बसायचं नाही, थेट उडी मारायची. दाराशी प्रत्येक जण सेकंदभर जरी घुटमळला तरी मागे रांग तुंबते. तुम्ही आणि शेजारच्या बाई, बाहुलीसकट, जोडीनेच सुटता. कोपर कापडाला घासून चटका बसतो. खाली कोणीतरी दंड धरून तुम्हाला बाजूला ओढतं, कारण वरून पुढचे पाय येतच असतात.

78 सेकंदांत विमान रिकामं.

एकाचा पाय मोडला, तीसेक जणांना किरकोळ दुखापती झाल्या. तीन दिवसांनी 853 प्रवाशांना मान्यता मिळाली. एवढ्या खुर्च्या पुढे कुठल्याही विमान कंपनीने बसवल्या नाहीत, पण त्या मोडलेल्या पायाची नोंद मला मोलाची वाटते. 1991मध्ये लाँग बीचला एमडी-11 विमानाच्या अशाच चाचणीत साठीच्या एका बाईंचं शरीर कायमचं लुळं पडलं होतं. आपण निर्धास्त बसतो त्यामागे या माणसांनी सोसलेलं आहे.

अमेरिकेत नवी विमान कंपनी परवाना मागते तेव्हा तिला प्रवाशांनिशी ही सगळी चाचणी पुन्हा करावी लागत नाही. तिच्या क्रूने निम्मी दारं उघडून 15 सेकंदांत घसरगुंड्या तयार करून दाखवायच्या असतात. मला हे पटतं. विमान आधीच पारखलेलं असतं. आता ते कोणाच्या हाती द्यायचं, ते पारखायचं.

आता 2 जानेवारी 2024ला चला. टोकियोचा हानेदा विमानतळ. जपान एअरलाइन्सचं ए-350 उतरता उतरता तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलंय. त्या विमानातले पाच जण गेले. तुम्ही ए-350मध्ये आहात, बाहेर ज्वाळा, आत धूर. 8 पैकी 3च दारं वापरण्याजोगी. घोषणायंत्रणा बंद पडलीय. क्रू मेगाफोनवरून आणि नुसत्या घशाने ओरडतेय. पुढचं चाक मोडल्यामुळे नाक खाली, शेपूट वर, म्हणून मागची घसरगुंडी फार उभी झालीय. 90 सेकंद केव्हाच उलटून गेलेत. तुमची बॅग वरच्या कप्प्यात आहे. तिला हात न लावता तुम्ही पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत सरकता.

379च्या 379 जण बाहेर येतात. सर्वांत शेवटी कॅप्टन बाहेर पडतो.