सीप्झ

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी (पूर्व) येथील मरोळ औद्योगिक वसाहतीत वसलेला निर्यातप्रधान कारखान्यांचा कुंपणबंद परिसर. ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सीप्झ’ रूढ झाले. नाव सांताक्रूझचे, जागा अंधेरीची. कांडला (१९६५) नंतरचे हे देशातील दुसरे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९७३ मध्ये केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झाले. जुळणीच्या कामावर तरुण मुली मोठ्या संख्येने लागल्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दागिन्यांना परवानगी मिळाली आणि पुढे तोच येथील प्रमुख धंदा झाला. १ नोव्हेंबर २००० पासून सीप्झ विशेष आर्थिक क्षेत्र झाले.

विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम, २००५ नुसार कुंपणाआतली जमीन सीमाशुल्कापुरती देशाबाहेरची मानली जाते, म्हणून सोने, हिरे, यंत्रे शुल्काविना आत येतात. नव्या घटकाला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे आयकर पूर्ण माफ, पुढची पाच वर्षे निम्मा, आणि त्यानंतरची पाच वर्षे नफा पुन्हा गुंतवल्यास निम्म्यापर्यंत सूट असे. २०२० नंतर सुरू झालेल्या घटकांना ती मिळत नाही. मालकाला काय आणि किती वर्षे मिळणार हे असे कलमवार लिहिलेले होते. कामगारासाठी या तोडीचे काहीच लिहिले गेले नाही.

कामगार कायदे देशातलेच राहिले. त्यांत केंद्राला सूट देता येणार नाही, असे याच अधिनियमाचे कलम ४९ सांगते. त्याखालच्या २००६ च्या नियमांनी मात्र आडवाट काढली. औद्योगिक विवाद अधिनियमाखालचे अधिकार क्षेत्राच्या विकास आयुक्तांकडे सोपवावेत आणि क्षेत्र ‘लोकोपयोगी सेवा’ म्हणून जाहीर करावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे त्यांत आहे. निर्यात वाढवणे हे ज्याचे काम, त्याच अधिकाऱ्यापुढे कामगाराने गाऱ्हाणे मांडायचे, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट आहे. लोकोपयोगी सेवेत नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नसे. रेल्वे आणि पाणीपुरवठ्यासाठी केलेली ही तरतूद अंगठ्या-डुलांच्या कारखान्याला लावणे अन्यायाचेच होते.

दागिन्यांच्या मागणीचे वर्ष अमेरिकेतल्या नाताळावर चालते. त्याआधीचे महिने ओव्हरटाइमचे, नंतरचे मंदीचे. ऑर्डरी घटल्या की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणसे. २४० दिवस भरण्याआधी काम थांबवून ‘ब्रेक’ दिलेल्या कामगाराची नोकरी सलग धरली जात नाही, त्यामुळे दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी कामगारकपातीची भरपाईही त्याला मागता येत नाही. विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने येणाऱ्याच्या घरभाड्याला आणि पोरांच्या फीला मात्र ब्रेक नसतो. २००८ ची जागतिक मंदी आणि २०२० ची टाळेबंदी या दोन्ही वेळी अशीच कामे गेली. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेही ऐन नाताळच्या हंगामात.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक विवाद अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. संपाआधी १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन तिने कुंपणाबाहेरच्या औद्योगिक आस्थापनांनाही लागू केले.